चाक, मडगार्ड आणि मधली बोटभर जागा

मी चेन्नईहून बोलतोय. बत्तीस वर्षं लष्करात काढली, बहुतेक सगळी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे ट्रक, जीपगाड्या आणि त्यांचे ड्रायव्हर यांच्या संगतीत. मी इंजिनिअर नाही. बी.ए. करून 1983 साली इथल्याच ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये दाखल झालो. परंगीमलैच्या पायथ्याची ती संस्था 1988 पासून अकॅडमी म्हणवली जाते. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते पुस्तकातलं कमी आणि गाडीखाली आडवं पडून कळलेलं जास्त आहे.

विषय तसा किरकोळ वाटेल. गाडीचं चाक मडगार्डच्या कमानीत कुठे बसतं, आणि त्यामुळे गाडी कशी दिसते. पण या एका गोष्टीपायी माझ्या घरात तीन महिने अबोल्यासारखं वातावरण होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माझी सासुरवाडी तंजावरी मराठी. तीन-चार पिढ्यांपासून मैलापूरमध्ये. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांनी 1969 साली स्टँडर्ड हेरल्ड घेतली, चार दारांची, फिकट निळी. आप्पा जाऊन आता बारा वर्षं झाली. गाडी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या वर्षी सासूबाईंना अठ्ठ्याऐंशीवं लागलं, तेव्हा मी ठरवलं की गाडी नीट करून त्यांच्यासमोर आणायची. एका गॅरेजला दिली. नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. सात महिने लागले, खर्च अंदाजाच्या दुप्पट झाला. पत्रा, रंग, सीटा, सगळं नवं. रंगसुद्धा जुन्या दाराच्या आतल्या बाजूशी जुळवून घेतलेला.

गाडी फाटकातून आत आली. सासूबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. लग्न झालं तेव्हा मी कॅप्टन होतो. पुढे लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झालो तरी त्यांच्यासाठी मी अजून कॅप्टनच. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "कॅप्टन, छान आहे हो. पण ही आपली गाडी नव्हे."

मी रंग दाखवला, नंबर दाखवला, आप्पांनी डॅशबोर्डला चिकटवलेला छोटा गणपती दाखवला. त्या मान हलवत राहिल्या. काय चुकलंय ते त्यांना सांगता येईना. मला वाटलं वय झालं, विसरत असतील. बायकोला तसं बोललो आणि तिथेच माझं चुकलं.

पंधरा दिवसांनी मी एका टेल-लॅम्पच्या काचेसाठी पुदुपेटला गेलो. चेन्नईबाहेरच्यांसाठी सांगतो, पुदुपेट म्हणजे एग्मोरजवळचा जुन्या स्पेअर पार्टांचा बाजार. मुंबईचा चोर बाजार आणि कुर्ल्याचं भंगार एकत्र केलं तर साधारण तसा. तिथे एक वयस्कर मेस्त्री भेटले, तरुणपणी स्टँडर्डच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी माझ्या गाडीला एक फेरी मारली, बॉनेटला हातही लावला नाही आणि म्हणाले, "सार, वंडी निक्किरदे सरि इल्लै." म्हणजे, साहेब, गाडी उभीच नीट नाही.

हे ऐकलं आणि डोक्यात दिवा लागला. परेडच्या मैदानावर आम्ही हेच तर शिकलो. गणवेश कडक, बूट चकचकीत, पण जवान उभा नीट नसेल तर लांबूनही कळतं. काय चुकलंय ते नंतर शोधायचं, पण चुकलंय हे आधी दिसतं. सासूबाईंना तेच दिसलं होतं. पन्नास वर्षं ज्या ओट्यावरून त्यांनी ती गाडी आत येताना पाहिली, त्याच ओट्यावरून.

आता गाडी 'उभी राहते' म्हणजे काय ते जरा बघू. बाजूने पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात. एक, टायरच्या डोक्यावर मडगार्डच्या कमानीपर्यंत किती जागा आहे. दोन, चाक त्या कमानीच्या मध्यावर आहे की पुढे-मागे सरकलंय. आणि समोरून किंवा मागून पाहिलं तर तिसरी, टायरची बाहेरची बाजू मडगार्डच्या काठाला किती जवळ येते. आत राहिली तर गाडी वरून जड आणि खालून बारीक दिसते, मोठं डोकं आणि काटकुळे पाय असलेल्या पोरासारखी. बाहेर आली तर पोट सुटलेल्या माणसासारखी. काठाच्या किंचित आत असली की डोळ्याला बरं वाटतं.

याचं मी पाहिलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण जिप्सीचं आहे. मारुतीची जिप्सी आली डिसेंबर 1985 मध्ये, आणि लष्करात आम्हाला मिळायला लागली नव्वदच्या दशकात. पहिली जिप्सी अरुंद होती. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर 1210 मिलिमीटर, मागे 1220. वर उंच डबा आणि चाकं आत ओढलेली. जुलै 1993 मध्ये कंपनीने हे अंतर पुढे 1300 आणि मागे 1310 केलं. नव्वद मिलिमीटर म्हणजे प्रत्येक बाजूला पंचेचाळीस, जेमतेम पावणेदोन इंच. चाकं बाहेर आली म्हणून मडगार्डवर रुंद ओठ काढले. बाकी डबा जवळजवळ तोच. पण दोन्ही गाड्या मोटर ट्रान्सपोर्टच्या शेडमध्ये शेजारी उभ्या असल्या तर कुणीही नवी ओळखावी. जुनी 'सावधान'मध्ये उभी, नवी 'विश्राम'मध्ये. पाय फाकवून उभा राहिलेला माणूस सहज ढकलला जात नाही, आणि ते बघणाऱ्यालाही कळतं. नवी जिप्सी वळणावर खरोखरच कमी कलंडायची, हे आमचे ड्रायव्हर पहिल्याच आठवड्यात सांगायला लागले.

इथे मला आजच्या तरुण मंडळींना एक सांगायचंय. त्या पावणेदोन इंचांसाठी कंपनीने चाकांखालची यंत्रणाच रुंद केली आणि मडगार्ड त्याप्रमाणे बदललं. तुम्ही बाजारातून स्पेसर आणून हबवर चढवता, तेव्हा चाक बाहेर येतं खरं, पण बेअरिंगला ते कुणी सांगितलेलं नसतं. लांब दांड्याच्या बादलीसारखं होतं. बादली तीच, पण हात लांब करून धरली की खांदा दुखतो.

रिम बदलतानाही हाच हिशेब येतो, म्हणून तो एकदा मांडतो. प्रत्येक रिमवर रुंदी आणि ऑफसेट असे दोन आकडे असतात. रिम हबला जिथे टेकते ती पाटी, रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे, तो ऑफसेट. आकडा मोठा, तर चाक आत. समजा तुमची रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट 45. तुम्ही आणली साडेसहा इंची, ऑफसेट 35. रुंदी एक इंच वाढली, त्यातली अर्धी म्हणजे 12.7 मिलिमीटर बाहेर. ऑफसेट दहाने कमी झाला, म्हणून अख्खं चाक आणखी 10 बाहेर. चाकाची बाहेरची कड 22.7 मिलिमीटर सरकली. आतल्या बाजूला फक्त 2.7. दुकानदार 'एक इंचच मोठी आहे सर' म्हणतो तेव्हा ते खोटं नसतं, पण तो जवळजवळ अख्खा इंच एकाच बाजूला गेलेला असतो.

आता परत माझ्या हेरल्डकडे. मेस्त्रींनी जमिनीवर खडूने रेघ मारली, मडगार्डच्या काठावरून ओळंबा सोडला आणि मला टेप धरायला लावला. पुढचा टायर मडगार्डच्या बाहेर 18 मिलिमीटर. कारण काय, तर हेरल्डच्या मूळ रिमा गंजल्या होत्या. हेरल्डचे चार बोल्ट 95.25 मिलिमीटरच्या वर्तुळात बसतात, जुनं इंग्रजी माप, पावणेचार इंच. आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचं माप 100 मिलिमीटर. गॅरेजवाल्यांनी मधे अडॅप्टर प्लेट घालून आजच्या रिमा बसवल्या होत्या. मूळ रिम साडेतीन इंच रुंद, ही साडेपाच. वर रुंद टायर. मला बिलात फक्त 'व्हील सेट' असं लिहून दिलं होतं आणि मीही विचारलं नव्हतं.

या गाडीत ती चूक जास्त बोचते, आणि त्यालाही कारण आहे. हेरल्ड पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरामागच्या गल्ल्यांत आप्पा एका झटक्यात गाडी फिरवायचे, ते त्यामुळे. पण एवढं वळायचं तर पुढची चाकं खूप तिरकी होतात, आणि मडगार्डच्या आतली मोकळी जागा त्यासाठी ठेवलेली असते. ती जागा रुंद टायरने खाल्ली. पूर्ण वळवलं की टायर घासायचा. मग गॅरेजने काय केलं? मडगार्डचा आतला काठ ठोकून वर दुमडला. छप्पन्न वर्षांचा पत्रा. तिथे मला खरोखर वाईट वाटलं.

मडगार्डचीच दुसरी भानगड होती. हेरल्डचं बॉनेट आणि दोन्ही पुढचे मडगार्ड हा एकच तुकडा असतो आणि तो पुढच्या बिजागऱ्यांवर अख्खा पुढे उघडतो, मगरीच्या जबड्यासारखा. यामागे एक गंमतीशीर इतिहास आहे. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेरल्ड 1959 साली आली. त्याआधी स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी कंपनी प्रतिस्पर्ध्यांनी विकत घेतली होती. अख्खी एकसंध बॉडी करून देणारं कुणी उरलं नाही, म्हणून गाडी वेगळ्या चासीवर, बोल्टने जोडायच्या तुकड्यांत आखली गेली. रेखाटली इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीने. अशी तुकड्यांची गाडी परदेशात जुळवायला सोपी. 1961 पासून ती मद्रासजवळ बनू लागली आणि चार दारांचा अवतार तर फक्त इथेच निघाला.

पण तुकड्यांची गाडी म्हणजे प्रत्येक तुकडा थोडा सरकतो. बॉनेटच्या बिजागऱ्या पुढे-मागे, वर-खाली होतात. बॉडी आणि चासीच्या मधे पॅकिंगच्या चकत्या असतात, त्या कमी-जास्त केल्या की गाडीचा एकेक कोपरा वर-खाली होतो. माझ्या गाडीत दाराशी फट जुळत नव्हती, म्हणून अख्खं बॉनेट पुढे ओढलेलं होतं. मडगार्डची कमान पुढे गेली, चाक जागेवरच राहिलं. आम्ही मोजलं. टायरच्या पुढे 84 मिलिमीटर जागा, मागे 62. बावीस मिलिमीटरचा फरक. तुम्ही म्हणाल, एवढं कुणाला दिसतं? नेमका आकडा कुणालाच दिसत नाही. गाडी किंचित मागे झुकून चालल्यासारखी वाटते, इतकंच.

आणि मागची बाजू तर उंटासारखी वर. हेरल्डच्या मागे आडवी पाट्याची स्प्रिंग असते, या चाकापासून त्या चाकापर्यंत, आणि ॲक्सल मधोमध हलतो. त्यामुळे मागचं चाक वर-खाली होताना तिरकंही होतं. गाडी जॅकवर उचलली की मागची चाकं पोटाखाली ओढली जातात, उडणाऱ्या बगळ्याच्या पायांसारखी. खाली ठेवली तरी टायर जमिनीला चिकटून राहतात आणि गाडी तशीच उंच अडकते. दहा-बारा फूट पुढे-मागे ढकलली की मग बसते. पुढे 1972 साली आलेल्या स्टँडर्ड गझेलमध्ये हा प्रकार काढून साधा सरळ ॲक्सल घातला. तर मेस्त्रींनी आधी गाडी ढकलायला लावली, मग दुकानातल्या चार पोरांना आत बसवलं. तरीही मागचं टोक उंचच. नवीन स्प्रिंगला पाटे जास्त झाले होते, किंवा बाक जास्त होता.

किती उंच? हे मला कळलं आमच्या अल्बममधून. 1974 चा एक फोटो, गाडी अगदी बाजूने, दारात माझी बायको चौथीच्या गणवेशात. रिम 13 इंची हे पक्कं माहीत. फोटो मोठा करून घेतला, त्यात रिम 26 मिलिमीटर आली, म्हणजे दोन मिलिमीटरला एक इंच. मागच्या टायरवरची फट पाच मिलिमीटर. अडीच इंच. माझ्या गाडीत ती सव्वाचार होती. नकाशा वाचन लष्करात शिकलो, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

याच शहरात, याच कारखान्यात, हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडून गेली आहे. स्टँडर्ड 2000. आठवतेय कुणाला? 1976 साली इंग्लंडमध्ये रोव्हरची एक देखणी गाडी आली, एसडी1. डेव्हिड बाश यांनी आखलेली, लांब, बसकी, मागे उतरत गेलेली. 1977 ची युरोपियन कार ऑफ द इयर. तिचीच बॉडी घेऊन इथे वंडलूरजवळ 1985 ला स्टँडर्ड 2000 काढली. आपल्या रस्त्यांसाठी ती उचलून घेतली आणि आत जुन्या व्हॅनगार्ड घराण्यातलं दोन लिटरचं इंजिन घातलं. 1987 ला लग्नासाठी आलो तेव्हा माउंट रोडवर मी ती पहिल्यांदा पाहिली. सुंदर गाडी, पण काहीतरी खटकलं. आज शब्द सापडतो. सूट-बूट घातलेल्या माणसाने पावसाचं पाणी साचलं म्हणून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घ्यावी, तशी ती दिसायची. बसक्या गाडीची प्रत्येक रेघ जमिनीजवळ राहण्यासाठी काढलेली असते. तिला वर उचललं की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अंधार दिसतो आणि नजर तिथेच अडकते.

दिसण्यामुळे ती बुडाली असं मी म्हणणार नाही. एवढ्या महाग गाडीत इतकं जुनं इंजिन, हे लोकांना पटलं नाही. 1988 ला उत्पादन थांबलं आणि कारखानाही गेला. मेस्त्री आणि त्यांच्यासारखे कितीतरी जण घरी बसले. जीएसटी रोडवरच्या त्या जागेवर आज आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. मेस्त्री तिकडून जाताना बसमधून बाहेर बघत नाहीत, असं त्यांनीच सांगितलं.

बरं, उचलणाऱ्यांचं काही चुकलं होतं का? ही फट उगाच नसते हे मला लष्कराने शिकवलं. खड्ड्यात चाक वर येतं, त्याला जागा लागते. चिखल अडकतो, त्याला लागते. लडाखमध्ये टायरवर साखळ्या चढवतो, त्यांना तर हवीच. आमच्या शक्तिमान ट्रकमध्ये आणि जोंगामध्ये टायरच्या वर डोकं घालता येईल एवढी जागा असायची आणि त्या कुरूप दिसत नसत, कारण त्या वाहनांचं सगळं अंगच त्या उंचीला शोभेल असं होतं. अँबेसेडरने तिसरा मार्ग काढला होता. मागच्या चाकावर मडगार्ड एवढं खाली ओढलं होतं की डोक्यावर पदर घेतल्यासारखं वरचं काही दिसायचंच नाही.

आणि आजच्या गाड्या? श्रीपेरुंबुदूर, ओरगडम, मरैमलै नगर, या पट्ट्यातून निघालेल्या उंच गाड्या बघा. क्रेटा, किंवा आधीची इकोस्पोर्ट. चाकाच्या कमानीला काळ्या प्लास्टिकची किनार असते. टायर काळा, फट काळी, किनार काळी. तिन्ही एक होऊन जातात आणि चाक आहे त्याहून मोठं वाटतं. फट तेवढीच असते, फक्त डोळ्याला सापडत नाही. स्टँडर्ड 2000 ला ही युक्ती मिळाली असती तर, असं मी मेस्त्रींना म्हटलं. ते म्हणाले, सार, आधी इंजिन मिळायला हवं होतं.

कायद्याचंही एक वाक्य सांगतो, कारण खाली कुणीतरी विचारणारच. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की कंपनीच्या मूळ तपशिलाशी आणि नोंदणीशी विसंगत ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. रिमा बदलण्याआधी आरटीओत विचारा.

माझ्या गाडीचं काम पुन्हा चार आठवडे चाललं. पुदुपेटमध्ये पाच जुन्या रिमा मिळाल्या, त्यातल्या चार सरळ निघाल्या. अडॅप्टर काढले, टायर मूळ मापाच्या जवळचे अरुंद घातले. मेस्त्रींनी स्प्रिंगमधला एक पाटा काढला, चालवून पाहिली, मग दुसरा थोडा बसवून घेतला. बॉनेट मागे आणलं. दाराची फट त्यामुळे पुन्हा वेडीवाकडी झाली, तेव्हा चासीवरच्या चकत्या बदलत बदलत दोन दिवस गेले. दुमडलेला काठ मात्र मी तसाच ठेवला. पुन्हा ठोकला तर पत्रा फाटेल, असं मेस्त्री म्हणाले.

या वेळी मी सासूबाईंना काही न सांगता गाडी आत आणली. त्या नेहमीच्या खुर्चीत होत्या. काही बोलल्या नाहीत. उठल्या, काठी टेकत खाली उतरल्या, मागच्या मडगार्डवर हात ठेवून तोल सावरला आणि मागचं दार उघडायला लागल्या. बायको माझ्याकडे बघत होती. मी तिची माफी मागितली, तीन महिने उशिरा.

आम्ही तिघं समुद्रापर्यंत जाऊन आलो. घरी आल्यावर मी टेप घेऊन परत मोजलं. मागे उजवीकडे अडीच इंच बरोबर, डावीकडे सहा मिलिमीटर कमी भरतंय. एक चकती वाढवावी लागेल. मेस्त्रींनी सोमवारी बोलावलंय.